सोडून गेलेला दिग्दर्शक आणि दोन भावांतला अबोला

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय 36. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. माझा मामेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शाळेच्या सुट्टीत तो आमच्याकडे यायचा तेव्हा डीव्हीडी आणून आम्ही दोघं 'फास्ट अँड फ्युरियस' ही हॉलिवूडची गाड्यांच्या थरारांची सिरीज बघायचो. पुढे प्रत्येक नवा भाग थिएटरला बरोबरच पाहिला. आता तो मुंबईत मराठी मालिकांना सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो. गेल्या वर्षी एक मालिका अर्ध्यावर सोडली, सध्या मिळेल ते करतो.

मागच्या महिन्यात मामेबहिणीचा, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा साखरपुडा होता. पंगतीत विषय निघाला. तो म्हणाला, दिग्दर्शक जस्टिन लिनने दहावा भाग सोडला तेव्हाच सिरीज संपली, नायक विन डिझेलने त्याला घालवलं. मी म्हणालो, दिग्दर्शक काय, आज हा तर उद्या तो. सिनेमा डिझेलच्या नावावर चालतो. ज्याला दडपण झेपत नाही तो शूटिंग सुरू झाल्यावर पळून जातो, त्याचं कसलं कौतुक? तो म्हणाला, तुला गाड्या कळतात, सिनेमा कळत नाही, तू डिझेलचा चमचा आहेस. आवाज चढले. मामांनी आम्हाला गप्प केलं. तो पानावरून उठला, तेव्हापासून माझा फोन घेत नाही. आईला भाऊबीजेला माहेरी जायचंय, ती रोज विचारते की झालंय काय. बायको म्हणते, कुठल्या परदेशातल्या दिग्दर्शकावरून भांडणारे तुम्ही दोघंही वेडे आहात.

दोनच गोष्टी सांगा. आमच्यात बरोबर कोण? आणि नमतं मी घ्यावं का?

एक मोठा भाऊ, चाकण

*

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या पत्नीच्या म्हणण्याबद्दल. यात मला वेडेपणा दिसत नाही. शाळेच्या सुट्ट्यांपासून इतकी वर्षं दोन माणसं एका गोष्टीच्या मागे राहिली, तिच्यातली पात्रं मरताना आणि परत येताना त्यांनी शेजारी बसून पाहिली, की ती गोष्ट थोडी त्यांचीही होते. तिचं भलं कशात आहे यावर त्यांनी तावातावाने बोलावं हे मला साहजिक वाटतं. 'सिनेमाच तो, सोडून द्या' असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही वाद कशावर नेला आणि कुठे घातला, यावर मात्र मला बोलायचं आहे.

बरोबर कोण हे ठरवण्यापूर्वी काय घडलं ते नीट मांडून घेऊ. दहाव्या भागाचं, म्हणजे 'फास्ट एक्स'चं, चित्रीकरण एप्रिल 2022च्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. 26 एप्रिलला लिनने जाहीर केलं की तो दिग्दर्शनातून बाजूला होतोय, निर्माता म्हणून मात्र राहील. निवेदन छोटं होतं. निर्णय अवघड होता, युनिव्हर्सल स्टुडिओचा पाठिंबा आहे, दहा वर्षांत आपण पाच चित्रपट केले, आणि आशियातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा म्हणून इतक्या वेगवेगळ्या वंशांच्या माणसांची ही सिरीज उभी करायला आपला हात लागला याचा अभिमान वाटतो, असा त्याचा सूर. कुणाकडेही बोट दाखवलेलं नव्हतं. त्यानंतर हॉलिवूडच्या व्यापारी पत्रांनी निनावी माणसांच्या हवाल्याने डिझेलशी खटके उडाल्याच्या बातम्या छापल्या. आठवडाभरातच लुई लेतेरिए या फ्रेंच दिग्दर्शकाचं नाव ठरलं आणि मे 2023मध्ये चित्रपट आला. निर्मात्यांच्या यादीत लिनचं नाव आहे, पटकथालेखकांच्या यादीतही आहे.

नोंदलेलं आहे ते एवढंच. 'डिझेलने घालवलं' हा तुमच्या भावाने त्या बातम्यांवरून काढलेला निष्कर्ष, आणि 'झेपलं नाही म्हणून पळाला' हा त्याच बातम्यांवरून तुम्ही काढलेला उलटा निष्कर्ष. त्या खोलीत तुम्हीही नव्हता, तोही नव्हता. दोन माणसांच्या स्वभावाबद्दलचे अंदाज तुम्ही पुरावे असल्यासारखे एकमेकांवर फेकलेत. इथे तुम्ही दोघंही चुकलात, आणि सारखेच चुकलात.

भावाच्या संशयाला अजिबात आधार नाही असंही नाही. डिझेल चौथ्या भागापासून निर्माताही आहे. म्हणजे दिग्दर्शक ज्याला 'पुन्हा एक टेक घेऊ' असं सांगणार, तोच त्याच्या वरच्या खुर्चीतही बसलेला. अशा रचनेत मतभेद झाले तर सोडून जाण्याची पाळी बहुधा कुणावर येते हे उघड आहे. जाता जाता सांगते, हॉलिवूडमध्ये नायकाला आपल्याच चित्रपटावरून काढलेल्या दिग्दर्शकाची खुर्ची घेता येत नाही. 1975मध्ये एका वेस्टर्नपटावरून फिलिप कॉफमन या दिग्दर्शकाला काढून नायक क्लिंट ईस्टवुडने सूत्रं हाती घेतली, तेव्हा दिग्दर्शकांच्या संघटनेने नियमच केला की चित्रपटावर आधीपासून काम करणाऱ्या कुणालाही त्याच्या दिग्दर्शकाची जागा घेता येणार नाही. सत्तेचा हा प्रश्न तिथे किती जुना आहे ते यावरून कळतं. पण आधार असणं आणि खात्री असणं यात बरंच अंतर आहे.

तुमच्या दोघांच्या भांडणात एक गोष्ट आलीच नाही याचं मला नवल वाटलं. लिन ही सिरीज आधीही एकदा सोडून गेला होता. सहावा भाग 2013च्या मे महिन्यात आला. स्टुडिओला सातवा लगेच हवा होता, म्हणजे सहाव्याचं संकलन चालू असतानाच सातव्याच्या तयारीला लागायचं. लिन तयार झाला नाही. हातातलं काम पुरं होण्याआधी दुसऱ्याला हात घालायचा नाही, असं सांगणारा माणूस मला पळपुटा वाटत नाही. त्याच्या जागी भयपटांतून आलेला जेम्स वॉन आला, आणि त्याच्यावर असा प्रसंग ओढवला की कुठल्याही दिग्दर्शकाचे हातपाय गळावेत. चित्रीकरण अर्ध्यात असताना 30 नोव्हेंबर 2013ला सिरीजचा दुसरा नायक पॉल वॉकर अपघातात गेला. काम थांबलं, कथेचा शेवट बदलला, पॉलच्या दोन भावांना त्याच्या जागी उभं करून आणि संगणकाची मदत घेऊन उरलेली दृश्यं पुरी केली. तो शेवट तुम्ही दोघांनी थिएटरमध्ये पाहिला आहे, त्याबद्दल मी वेगळं काय सांगू. जगभरात त्या भागाने सुमारे 151 कोटी डॉलर मिळवले, आजवरच्या सगळ्या भागांत सर्वाधिक. तेव्हा 'लिन गेला की सिरीज संपते' हे भावाचं म्हणणं 2015मध्येच खोटं ठरलेलं आहे.

आता तुमच्या वाक्याकडे येते. 'दिग्दर्शक काय, आज हा तर उद्या तो.' हे मला मुळीच मान्य नाही, आणि ते का ते जरा सविस्तर सांगते.

2006मध्ये ही सिरीज जवळजवळ आटोपली होती. तिसऱ्या भागात, 'टोकियो ड्रिफ्ट'मध्ये, पॉल वॉकर नव्हता, डिझेल अगदी शेवटच्या दृश्यात दोन मिनिटं येतो. जगभरातली कमाई सुमारे 15.8 कोटी डॉलर, सगळ्या भागांत सर्वांत कमी. दिग्दर्शक होता तैवानमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियात वाढलेला जस्टिन लिन. क्रेडिट कार्डांवर कर्ज काढून केलेला एक छोटा चित्रपट 2002मध्ये सनडान्स महोत्सवात गाजला होता, त्यावरून त्याचं नाव झालेलं. त्या छोट्या चित्रपटात हान नावाचं पात्र होतं आणि ते सुंग कांगने केलं होतं. लिनने तोच नट आणि तेच नाव टोकियोला आणलं. सारखं काहीतरी चघळत राहणारा, कमी बोलणारा, घाई नसलेला हान. पडेल ठरलेल्या त्या चित्रपटातून लोकांच्या मनात राहिला तो हा माणूस. आणि तो तर त्यात मेला होता.

मग काय केलं, ते तुम्हाला माहीत आहे, पण निर्णय म्हणून त्याच्याकडे पुन्हा एकदा बघा. लिन आणि लेखक ख्रिस मॉर्गन यांनी पुढचे तीन भाग काळाच्या हिशेबात टोकियोच्या आधी घडवले, त्यामुळे हान जिवंत राहू शकला. एका दुय्यम पात्रासाठी अख्ख्या सिरीजचा कालक्रम वाकवला. हे नायकाच्या नावावर चालणाऱ्या सिनेमाचं लक्षण नाही. आपल्या माणसांवर जीव असलेला कुणीतरी मॉनिटरमागे बसलाय, याची ती खूण आहे.

त्यानंतर 2011चा पाचवा भाग, 'फास्ट फाइव्ह'. माझ्या मते सिरीजमधला सर्वांत चांगला भाग, आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. रस्त्यावरच्या शर्यतींचा सिनेमा इथे दरोड्याचा सिनेमा झाला. पहिल्या भागातला व्हिन्स, दुसऱ्यातले रोमन आणि तेज, तिसऱ्यातला हान, चौथ्यातली जिझेल, सगळे रिओतल्या एका गोदामात जमवले. म्हणजे प्रेक्षकांनी दहा वर्षांत सुटे सुटे पाहिलेले चेहरे प्रथमच एका कुटुंबासारखे दिसले. आज ज्या 'फॅमिली'वरून इतके विनोद होतात ती खरोखर इथे जुळली. शेवटचा तिजोरीचा पाठलाग आठवा. दोन काळ्या डॉज चार्जर, मागे केबलने बांधलेली ती अवाढव्य तिजोरी, प्रत्येक वळणावर ती बाहेर फेकली जाते आणि वाटेतलं सगळं झोडपून काढते. त्या गोंधळात आपल्याला एक क्षणही प्रश्न पडत नाही की कोण कुठे आहे, पोलीस कुठल्या बाजूने येतायत, पूल किती लांब आहे. वेग दाखवणं त्या मानाने सोपं, वेगात दिशा हरवू न देणं फार अवघड. त्यासाठी तिजोरीचे निरनिराळे सांगाडे बनवले होते, त्यातल्या एकाच्या आत चक्क स्टंट ड्रायव्हर बसून तो चालवत होता. दिसतं रिओ, पण बरंचसं चित्रीकरण पोर्तो रिकोतलं. चौथ्या भागाची कमाई 36 कोटी डॉलर, पाचव्याची 62 कोटींच्या पुढे, सहाव्याची 78 कोटी. डिझेल या तिन्ही भागांत होता हे खरं. पण तो पहिल्या भागातही होताच. मधल्या काळात बदललं होतं ते त्याच्या आजूबाजूचं जग, आणि ते बांधणाऱ्यांत लिन सगळ्यात पुढे होता.

चाहत्यांनाही हे कळत होतं. आठव्या भागात, दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे, हानला मारणारा डेकार्ड शॉ डॉमच्या, म्हणजे डिझेलच्या पात्राच्या, कुटुंबात सामील झाला, आणि जगभरच्या प्रेक्षकांनी 'हानला न्याय द्या' म्हणून आवाज उठवला. त्या मागणीबद्दल मला फार आदर आहे. ती कुणाच्या खासगी भांडणाबद्दल नव्हती, कुणाला शिव्या घालायला नव्हती. तुमच्या कथेत एका मित्राच्या मरणाची किंमत राहिली नाही, एवढंच लोक सांगत होते, आणि तो आक्षेप पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीवर होता. 2021च्या नवव्या भागात लिन परतला आणि हानही परतला. चाहत्यांचं भांडण असं असेल तर ते सिनेमाला उपयोगी पडतं.

भावाची बाजू इथवर इतकी वाढवली तर तिचा दुसरा अर्धा भागही सांगते. नववा भाग लिनचाच आहे आणि तो मला ढिला वाटला. तेज आणि रोमनला जुन्या पॉन्टियाकमध्ये बसवून अंतराळात पाठवणारा दिग्दर्शक लिनच होता. दहाव्याचं म्हणाल तर दिग्दर्शक बदलला म्हणून माणसं बदलली नाहीत. कॅमेरा स्टीफन विंडनचा, तो टोकियोपासून यातल्या बहुतेक भागांवर आहे. संगीत ब्रायन टायलरचं. गाड्या तयार करणारा डेनिस मॅकार्थी, तोही टोकियोपासूनचा. शिवाय दहाव्या भागाची सुरुवातच रिओच्या त्या तिजोरीने होते, खलनायक डांटे हा पाचव्या भागातल्या खलनायकाचा मुलगा. लिन ज्यातून बाहेर पडला तो चित्रपट लिनच्याच उत्तम प्रसंगावर उभा आहे.

मला दहाव्यात काय खटकलं? सुरुवातीचं जेवण सोडलं तर ही माणसं एकत्र येतच नाहीत. डॉमची बायको लेटी अंटार्क्टिकाच्या तुरुंगात, रोमन-तेज-हान लंडनला, डॉम भलतीकडे. पाचव्या भागातल्या गोदामाची ऊब कुठेच नाही. लिन असता तर असं झालं नसतं, असं तुमचा भाऊ म्हणेल. पण पटकथेवर लिनचं नाव आहे. मग ही विखुरलेली मांडणी त्याची, सहलेखकाची, डिझेलची, स्टुडिओची की लेतेरिएची? बाहेरून सांगता येत नाही. लेतेरिए आला तेव्हा सेट लागलेले होते, नटांच्या तारखा बांधलेल्या होत्या, रोम, तुरिन, पोर्तुगाल, लंडन ही ठिकाणं ठरलेली होती. चालत्या गाडीचं स्टिअरिंग हातात घेतल्यासारखं ते काम होतं. त्याने चित्रपट पुरा केला, जेसन मोमोआकडून झकास खलनायक काढून घेतला. त्याला 'बदली माणूस' म्हणून मोडीत काढणं अन्याय आहे.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: लिनचं जाणं हे मोठं नुकसान होतं, ही भावाची मूळ भावना बरोबर. त्यामुळे सिरीज संपली आणि त्याला घालवलं, ही त्याची खात्री चूक. सिरीज माणसं बदलूनही चालते, हे तुमचं निरीक्षण बरोबर. म्हणून दिग्दर्शक कुणीही असला तरी चालतो, हा तुमचा निष्कर्ष साफ चूक. गुण मोजायचेच असतील तर माझं झुकतं माप धाकट्याला आहे.

पण तुमच्या पत्राने माझी झोप उडवली ती वेगळ्याच वाक्याने. 'गेल्या वर्षी एक मालिका अर्ध्यावर सोडली, सध्या मिळेल ते करतो.' ओळख करून देताना तुम्ही हे सहज लिहून गेलात. आणि थोड्याच ओळींनंतर पंगतीत बोललेलं स्वतःचं वाक्य लिहिलंत: ज्याला दडपण झेपत नाही तो शूटिंग सुरू झाल्यावर पळून जातो, त्याचं कसलं कौतुक?

तुम्ही लिनबद्दल बोलत होता. त्याने ते कुणाबद्दल ऐकलं असेल?

काही वर्षं मी मालिकांच्या लेखन विभागात काम केलं आहे, त्यामुळे सहायक दिग्दर्शकाचा दिवस मी जवळून पाहिला आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी सेटवर, रात्री पॅकअपनंतरही उद्याच्या सीनची यादी. नट उशिरा आला तर बोलणी याला, कंटिन्युइटी चुकली तर बोलणी याला, सीन ऐन वेळी बदलून आला तर तो सगळ्यांना समजावायचं काम याचं. रोजचा एपिसोड रोज जायचा असतो, म्हणून आजारपण नाही, सण नाही. पडद्यावर नाव सरकतं ते वाचता येणार नाही इतक्या वेगाने. अशा कामातून एखादा बाहेर पडतो तेव्हा नातेवाइकांत त्याची एकच नोंद राहते: सोडलं, टिकला नाही. का सोडलं ते फार थोडे विचारतात, आणि जे विचारतात त्यांना सांगायची इच्छा उरलेली नसते.

तुमचा भाऊ लिनची बाजू इतक्या हट्टाने का घेत होता, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित ते निव्वळ लिनवरचं प्रेम असेल, आणि तेवढंही पुरेसं आहे. पण ज्याने सिरीज सोडली तो दुबळा नव्हता, त्याला तिथे राहणं अशक्य करून टाकलं होतं, असं कुणीतरी म्हणावं ही गरज त्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू आली नाही का? तेही त्याच्या बहिणीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या देखत, जिथे तो मुलीचा भाऊ म्हणून पाहुण्यांची ऊठबस करत होता. तो पानावरून उठला याचं कारण मला डिझेल वाटत नाही.

त्याने तुम्हाला जे ऐकवलं तेही बरं नव्हतं. 'तुला गाड्या कळतात, सिनेमा कळत नाही' हे बोलणं तुमच्या कामाला आणि तुम्हाला कमी लेखणारं आहे. ते चुकीचंही आहे. या सिरीजमध्ये गाड्या कळणाऱ्या माणसाला अर्धी कारागिरी आपोआप कळते. एकेका गाडीच्या किती प्रती बनवाव्या लागतात, कुठली नुसती उभी करायला, कुठली उडवायला, कुठली वळणावर घसरवायला, हे क्वालिटीत काम करणाऱ्या माणसाला समजवावं लागत नाही. त्याबद्दल त्याने तुमची माफी मागायला हवी. पण पत्र तुमचं आलंय, त्याचं नाही. म्हणून मी तुमच्याच वाटणीचं सांगते.

नमतं घ्यावं का? मतावर नाही. त्या एका वाक्यावर, हो, पूर्णपणे.

फोन घेत नसेल तर मुंबईला जा. आईला किंवा मामांना मध्ये घालू नका. मध्यस्थ आला की त्याला मोठ्यांचा मान राखायला हो म्हणावं लागेल, आणि ते त्याचं हो नसेल. त्याची सेटवर पोहोचायची वेळ काय, सुट्टी कधी, ते एका ओळीच्या मेसेजने विचारा आणि मी येतोय एवढंच कळवा. भेटल्यावर सांगा: "त्या दिवशी पळून जातो असं मी बोललो ते चुकलं. तुझ्या घरच्या कार्यात, सगळ्यांसमोर बोललो, हे त्याहून चुकलं." इथे थांबा. 'पण तूही' हे शब्द त्या दिवशी तोंडातून येऊ देऊ नका.

त्याने सोडलेल्या मालिकेचा विषय तुम्ही काढू नका. "मग तू का सोडलीस ते तरी सांग" हा प्रश्न तुम्हाला आपुलकीचा वाटेल, त्याला तो चौकशीसारखा लागेल. त्याने आपणहून काढला तर ऐका. पैशांचं विचारू नका, पुढे काय ठरवलंयस हेही विचारू नका. चाकणला ओळखीत नोकरी बघू का, असं तर चुकूनही म्हणू नका. तो काही बोललाच नाही तर तेही चालेल. त्याला एवढं कळलं तरी खूप झालं की तुम्हाला तुमचं वाक्य ऐकू आलंय.

मामांना वेगळा फोन करा, कार्यात आवाज चढवल्याबद्दल माफी मागा. तो हिशेब भावाशी नाही, मामांशी आहे आणि नव्या व्याह्यांसमोर त्यांना जे अवघडलेपण आलं त्याचा आहे. आईला खरं सांगा: सिनेमावरून वाद झाला, मी लागेल असं बोललो, मी जाऊन बोलणार आहे. ती रोज विचारते, कारण तिला काही सांगितलेलंच नाही.

आणि मग वाद पुन्हा सुरू करा, मला तो थांबायला नको आहे. लिनने सिरीज सोडल्यानंतर काय केलं ते भावाला माहीत आहे का विचारा. जॉन अ‍ॅलन चाऊ हा अमेरिकन तरुण 2018मध्ये आपल्या अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर धर्मप्रसारासाठी गेला आणि तिथे मारला गेला. त्याच्यावर लिनने 'लास्ट डेज' हा चित्रपट केला आणि जानेवारी 2025मध्ये तो सनडान्सला दाखवला गेला. ज्या महोत्सवातून लिन वर आला त्याच महोत्सवात, स्फोट आणि चार्जर बाजूला ठेवून. पाठलागांच्या दिग्दर्शकाने असा विषय का उचलला असेल, यावर तुम्ही दोघं रात्रभर बोलू शकाल.

शिवाय पाचव्या भागातला तिजोरीचा पाठलाग आणि दहाव्याच्या सुरुवातीला डांटेच्या बाजूने दाखवलेला तोच पाठलाग, हे दोन्ही लागोपाठ बघा. कट कुठे बदललाय, कुठला चेहरा नव्याने घुसवलाय, ते त्याला तुम्हाला दाखवू द्या. दोन चार्जर एवढं धूड खरोखर किती ओढतील, केबल कुठे तुटेल, क्लच कधी जळेल, ते तुम्ही त्याला सांगा. त्यावर हवं तेवढं भांडा.

मात्र यासाठी भाऊबीजेची वाट बघू नका, येत्या एखाद्या सुट्टीलाच जाऊन या. दिवाळी जवळ आली की सेटवर पुढच्या एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ साठा, करून ठेवायची घाई सुरू होते, आणि हाती काम असेल तर तेव्हा त्याला जेवायलाही उसंत मिळणार नाही.